एमजीबी आणि अँबेसेडर: बॉनेट उघडून बघा

कुणीतरी लिहिलंय की एमजीबी (ब्रिटिश एमजी कंपनीची छोटी स्पोर्ट्स कार) आणि अँबेसेडरची तुलना म्हणजे कुठे इंद्राचा ऐरावत अन् कुठे शामभटाची तट्टाणी. दिसायला बरोबर आहे हो, पण बॉनेट उघडा की, जुन्या पेट्रोल अँबीत आणि एमजीबीत एकाच घराण्यातलं इंजिन आहे, बीएमसी या ब्रिटिश कंपनीचं बी-सिरीज! अँबीत १४८९ सीसी, एमजीबीत (१९६२ ते ८०) तेच वाढवून १७९८ सीसी, वर एसयू कंपनीचे दोन कार्ब्युरेटर (पेट्रोल-हवा मिसळून इंजिनाला देणारे), म्हणून ९५ हॉर्सपॉवर, आपल्या अँबीला साधारण त्याच्या निम्मी. मागच्या चाकांवर दोघींनाही पाटेच (लीफ स्प्रिंग).

मग फरक कुठे पडतो? एमजीबी हलकी, बुटकी, पुढे डिस्क ब्रेक, गिअरचा आखूड दांडा हाताशीच. अँबीत तो स्टिअरिंगच्या बाजूला, आणि दुसरा गिअर टाकायचा म्हणजे हाताने आधी अंदाज घ्यायचा मग ढकलायचं, तोवर समोरचा रिक्षावाला निघून गेलेला असतो :) पण मागच्या सीटवर आजी, दोन पोरं आणि लग्नाचं सामान एमजीबीत बसवून दाखवा बरं. मला विचाराल तर रविवारी घाटात एमजीबी, बाकी सहा दिवस अँबी, आणि स्पेअर पार्टसाठी तर अँबीच, कुठल्याही जुन्या मेकॅनिककडे जा, डोळे मिटून उघडेल.