मदत हवी आहे : मोठी व्यक्ती, दहा मिनिटं आणि दर फोटोत एकच चेहरा

खटक्या (धागाकर्ता)
परवा शूट आहे, त्यामुळे जरा लवकर सांगा. एका खूप मोठ्या व्यक्तीचं पोर्ट्रेट करायचंय. नाव विचारू नका, सांगता येणार नाही. वेळ दहा मिनिटं, तीही सेक्रेटरीबाईंनी उपकार केल्यासारखी दिली आहे.
अडचण अशी की यांचे आजवर छापून आलेले जेवढे फोटो पाहिले, त्या सगळ्यांत चेहरा एकच. ओठ घट्ट मिटलेले, मान त्यांच्या डावीकडे वळलेली, हनुवटी वर. मागच्या आठवड्यात ओळख करून घ्यायला गेलो तेव्हा काही फ्रेम घेतल्या, त्यातही तेच. बोलायला जावं तर एक-दोन शब्दांत उत्तर देऊन गप्प. मला यांचा खरा चेहरा हवाय. अशा माणसाला बोलतं कसं करायचं? लाइटवर सल्ले नकोत, ते माझं मी बघेन.

ऑफकॅमेरा
दहा मिनिटं सेटअपसकट की ते खुर्चीत बसल्यापासून? जागा कुठली? वय काय? फोटो कशासाठी? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

खटक्या
खुर्चीत बसल्यापासून. त्यांचीच अभ्यासिका. वय ऐंशीच्या पुढे. फोटो आत्मचरित्राच्या मुखपृष्ठासाठी. पण यातल्या कशाचाच माझ्या प्रश्नाशी संबंध नाहीये.

जुनी निगेटिव्ह
बोलतं करायच्या भानगडीत पडूच नका. धक्का द्या. ३० डिसेंबर १९४१, ओटावा. कॅनडाच्या संसदेत भाषण करून चर्चिल बाहेर आले, फोटो काढायचाय हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. फोटोग्राफर यूसुफ कार्शने आदल्या रात्रीपासून लाइट लावून ठेवले होते. चर्चिल सिगार सोडेनात. कार्श पुढे गेला, माफी मागून सिगार तोंडातून काढून घेतला आणि परत येऊन चर्चिल चिडून बघत असतानाच शटर दाबलं. जगात सर्वांत जास्त वेळा छापल्या गेलेल्या पोर्ट्रेट्सपैकी एक.

सुलेखा_१
आणि त्यानंतर लगेच चर्चिल यांनी हसून आणखी एक फोटो काढू दिला, ते कोणी सांगत नाही. छान फोटो आहे तोही. पण दुनियेला गुरगुरणारा सिंहच हवा होता.
धागाकर्ते, ऐंशी पार केलेल्या माणसाच्या हातातून काही हिसकावू नका, कृपा करून.

तिसरी घंटा
धक्का शब्दांनीही देता येतो. १९५७ मध्ये फोटोग्राफर रिचर्ड अ‍ॅव्हेडनसमोर विंडसरचे ड्यूक (इंग्लंडची गादी सोडलेले एडवर्ड आठवे) आणि डचेस, म्हणजे त्यांची बायको, बसले होते, दोघंही सरावाचं हसू लावून. दोघांचा कुत्र्यांवर फार जीव. अ‍ॅव्हेडनने थाप मारली की येताना माझ्या टॅक्सीखाली कुत्रं आलं. दोघांचे चेहरे पडले आणि त्याने क्लिक केलं. हा किस्सा त्याने स्वतःच सांगितलेला आहे.

सुलेखा_१
यात कौतुक करण्यासारखं काय आहे? कुत्रं मेलं असं ऐकल्यावर कोणाचाही चेहरा पडेल. त्याला खरा चेहरा कसं म्हणायचं? समोरचा विश्वासाने बसलेला असतो.

तिसरी घंटा
फोटो साठ वर्षांनंतरही बघितला जातोय. विश्वासाने काढलेले लाखो फोटो कपाटात पडून आहेत.

सुलेखा_१
ज्याचं पोर्ट्रेट काढता तो माणूस पुन्हा तुमच्याकडे येणार का, हेही बघावं लागतं. माझी निम्मी कामं एकाने दुसऱ्याला नाव सांगून आलेली आहेत. एक थाप उघडी पडली की दहा दारं बंद.

पिक्सेलपंत
क्रॉप बॉडी (छोट्या सेन्सरचा कॅमेरा) असेल तर आधी फुल फ्रेम मिररलेस घ्या. आय ऑटोफोकस, म्हणजे डोळ्यावर आपोआप फोकस धरणारी. लेन्स ८५ एमएम एफ १.४. पार्श्वभूमी लोण्यासारखी वितळते. मी बदलल्यापासून मागे वळून पाहिलेलं नाही.

ऑफकॅमेरा
पंत, त्यांनी कॅमेरा विचारलेला नाही. आणि मुखपृष्ठासाठी १.४ इतक्या उघड्या लेन्सवर काढलं तर फोकस इतका उथळ, की एक डोळा शार्प आणि दुसरा गेला. ५.६ च्या आसपास राहा. आणि वर शीर्षकाला मोकळी जागा सोडा, नाहीतर डिझायनर कपाळावर अक्षरं छापेल.
धागाकर्ते, चष्मा आहे का?

खटक्या
आहे. प्रोग्रेसिव्ह, एकाच काचेत लांबचं आणि जवळचं. रिफ्लेक्शन कसं घालवायचं ते मला माहीत आहे. मूळ प्रश्नावर कोणी बोलेल का?

ऑफकॅमेरा
मूळ प्रश्नावरच बोलतोय. प्रोग्रेसिव्ह काचेत जवळचं बघायचा भाग खाली असतो. तुम्ही हातभर अंतरावर जाऊन उभे राहिलात तर तुमच्याकडे नीट बघायला ते हनुवटी उचलणारच. त्याला तुम्ही स्वभाव समजताय. मागे सरका, लांब लेन्स लावा, हनुवटी आपोआप खाली येईल.

जुनी निगेटिव्ह
चर्चिल यांच्या वेळी प्रोग्रेसिव्ह नव्हते, हलके घ्या.

मृण्मयी
मी फोटोग्राफर नाही, वाचनमात्र असते इथे. एक विचारू? त्यांना ऐकू नीट येतं का? आमच्या घरात असं एक माणूस आहे म्हणून विचारलं.

खटक्या
उजव्या कानात यंत्र आहे. डाव्याने अजिबात ऐकू येत नाही. सेक्रेटरी माझं बोलणं मागून मोठ्याने रिपीट करत होत्या. पण यंत्र अगदी छोटं आहे, फोटोत दिसत नाही, म्हणून लिहिलं नाही.

मृण्मयी
अहो, मग मान डावीकडे वळणारच की! उजवा कान तुमच्याकडे आणायचा तर दुसरा मार्ग काय? ओठ मिटून, ताण देऊन ऐकताहेत ते. दोन शब्दांत उत्तर यासाठी की प्रश्न पुरता कळलेला नसतो आणि मोठ्या माणसाला "काय म्हणालात?" असं सारखं विचारायला अवघड वाटतं.

ऑफकॅमेरा
मृण्मयीताई, दंडवत. धागाकर्ते, आता पहिली गोष्ट, कॅमेऱ्याच्या मागून बाहेर या. डोळ्याला कॅमेरा लावला की तुमचे ओठच झाकले जातात, आणि अशी माणसं निम्मं ओठांवरून ऐकतात. ट्रायपॉड, हातात रिमोट, आणि तुम्ही लेन्सला खेटून, त्यांच्या उजव्या अंगाला, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर बसा. खुर्ची थोडी त्यांच्या डावीकडे फिरवून ठेवा, म्हणजे उजवा कान आधीच तुमच्याकडे असेल आणि तुमच्याकडे बघायला त्यांना चेहरा लेन्सकडे आणावा लागेल.
आता लाइट. नको म्हणालात तरी सांगतो. खोली अंधारी करून फक्त त्यांच्यावर लाइट टाकलात तर तुम्ही त्यांना दिसणार नाही. एक छोटा दिवा तुमच्या स्वतःच्या चेहऱ्यावर ठेवा. पंखा, एसी बंद. फ्लॅशचा बीपही बंद, यंत्रात तो टोचतो म्हणे.

मृण्मयी
हो, टोचतो. आणि ओरडू नका. सावकाश, नेहमीच्या आवाजात बोला. मागून रिपीट करणं सगळ्यात वाईट, दोन आवाज एकात मिसळतात.

सुलेखा_१
सेक्रेटरींना खोलीबाहेर काढता येणार नसेल तर तुमच्या शेजारीच बसवा.
बोलायचं काय, तर आधी अभ्यास. १९४६ साली फोटोग्राफर मार्गारेट बर्क-व्हाइट गांधीजींचा चरख्याजवळचा फोटो काढायला गेल्या, तेव्हा आधी सूत कातायला शिका असं त्यांना सांगितलं गेलं, आणि त्या शिकल्या. तुम्ही त्यांच्या लिखाणातलं एक प्रकरण तरी वाचून जा. "तुमचा प्रवास कसा होता" हे ते आयुष्यभर ऐकत आलेत.

तिसरी घंटा
किंवा बोलायला न लावता विचार करायला लावा. २००६ मध्ये फोटोग्राफर अल्बर्ट वॉटसनने अॅपलच्या स्टीव्ह जॉब्ज यांना एवढंच सांगितलं, की टेबलाच्या पलीकडे तुम्हाला विरोध करणारी माणसं बसली आहेत आणि आपलंच बरोबर आहे याची तुम्हाला खात्री आहे. एकच वाक्य. कमी ऐकू येणाऱ्या माणसाला हेच सोयीचं. यात थाप नाही, सुलेखाताई.

सुलेखा_१
हे चालेल :)

ऑफकॅमेरा
आणखी एक राहिलं. फोटो निवडणार कोण?

खटक्या
सेक्रेटरी. मग प्रकाशक.

ऑफकॅमेरा
मग त्या तोच जुना चेहरा निवडणार, कारण त्यांच्या लेखी साहेब तसेच दिसतात. पहिल्या दोन मिनिटांत तो ठरलेला फोटो काढून स्क्रीनवर दाखवा. त्या निश्चिंत होतील आणि उरलेली आठ मिनिटं तुमची. प्रकाशकाला तुमची पसंतीची फ्रेमही पाठवता येईल, असं आधीच लेखी घ्या. कॉपीराइटचं पण. पैसे देणारा मालक की काढणारा, हे देशागणिक बदलतं.

पिक्सेलपंत
यंत्र फोटोशॉपमध्ये दोन मिनिटांत पुसता येतं.

मृण्मयी
का पुसायचं पण? त्यांना विचारा तरी आधी.

तिसरी घंटा
मुखपृष्ठावर कानातलं यंत्र नको, लक्ष तिकडे जातं.

सुलेखा_१
कार्शच्या चर्चिलकडे बघताना न दिसणाऱ्या सिगारकडे लक्ष जातंच ना? मृण्मयीशी सहमत. ठरवणार ते स्वतः, तुम्ही-आम्ही नाही.

खटक्या
ओके, बरंच मिळालं. खुर्ची फिरवायची तर टेबल हलवावं लागेल, सेक्रेटरींना आत्ताच फोन करतो. फ्लॅशचा बीप कुठून बंद होतो? मेनूत सापडत नाहीये.

ऑफकॅमेरा
कुठला फ्लॅश? मॉडेल?

पिक्सेलपंत
फ्लॅशपेक्षा कंटिन्युअस एलईडी घ्या, बीपच नाही.

ऑफकॅमेरा
पंत, परवा शूट आहे. खटक्या, मॉडेल सांगा.