अश्वगंधा, शिलाजीत, गोखरू: खरंच काही होतं की मनाचे खेळ?

निवांतराव: वय ४३. वर्षभर नुसता थकवा, चिडचिड, आणि 'त्या' बाबतीत तर इच्छाच नाही. दोन महिने अश्वगंधा चूर्ण रात्री दुधातून घेतोय (तबेल्यासारखा वास येतो बुवा, नाव उगाच नाही पडलं) आणि फरक पडलाय. डॉक्टर मित्र हसतो. चरकसंहितेत वाजीकरणावर (म्हणजे कामशक्ती वाढवण्यावर) अख्खा अध्याय आहे, ते लोक वेडे होते का?

तिरकस: वेडे नव्हते, पण टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) मोजायची सोयही नव्हती त्यांच्याकडे. तुम्ही मोजलंत का? सकाळी १० च्या आत रक्त द्यायचं, कारण दिवस चढेल तसा आकडा आपोआप उतरतो; कमी आलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत. दोन्ही वेळा ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर पुढचं बोलू.

निवांतराव: नाही मोजलं. बरं वाटतंय तर कशाला?

मुळ्या: तिरकस, अश्वगंधेवर ८-१२ आठवड्यांच्या चाचण्या झाल्यात हो, काहींत टेस्टोस्टेरॉन थोडं वाढलंय. सरसकट भोंदूगिरी नका म्हणू.

तिरकस: झाल्यात, मूठभर माणसांवर. आणि गोखरूचं काय? जिममधली पोरं डबेच्या डबे संपवतात, निरोगी पुरुषांत त्याने टेस्टोस्टेरॉन वाढतच नाही असंच बहुतेक चाचण्यांत निघालंय.

मुळ्या: मग ते इंजेक्शन बरं का? बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचलं की मेंदूला वाटतं माल भरपूर आहे, तो वृषणांना कामच देत नाही, शुक्राणू घटतात, मूल हवं असलेल्याची पंचाईत.

नावात काय: मधेच पडतो. नात्यातल्या एकांनी 'शंभर टक्के हर्बल' गोळी घेतली, तासाभरात तोंड लालबुंद, डोकं ठणकायला लागलं. असल्या गोळ्यांत गुपचूप सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) मिसळलेलं अमेरिकेच्या एफडीएने कितीदा पकडलंय, आणि हृदयासाठी नायट्रेट चालू असेल तर बीपी धाडकन उतरून जीवावर बेततं.

मुळ्या: ही भेसळ झाली, मुळीचा काय दोष?

तिरकस: मुळीचाही आहे. अश्वगंधेने लिव्हर बिघडल्याच्या केसेस नोंदल्यात, डेन्मार्कने २०२३ मध्ये बंदीच घातली. थायरॉईडवरही परिणाम होऊ शकतो.

निवांतराव: थायरॉईडची गोळी चालू आहे की मला, २ वर्षं झाली. लिहायचं राहिलं.

मुळ्या: अहो मग आधी सांगायचं ना!!