स्पॅनिशमधल्या आज्ञार्थी अनियमित क्रियापदांचा गोंधळ, मदत हवी आहे

मंडळी, स्पॅनिश शिकतेय आणि आज्ञार्थावर येऊन गाडी अडकलीय. 'तू'साठीचा नेहमीचा नियम सोपा, वर्तमानकाळातलं 'तो/ती'चं रूप उचलायचं, म्हणजे आब्ला = बोल, कोमे = खा. पण मग ती आठ आगाऊ क्रियापदं येतात, दि, आस, बे, पोन, साल, से, तेन, बेन, ही कशीबशी पाठ केली पण बोलताना तोंडातून 'तेन'ऐवजी नेहमीच्या नियमाचं 'तिएने'च येतं 😅

त्यात 'बे' म्हणजे 'जा' पण आणि 'बघ' पण! इर आणि बेर दोघांचं एकच रूप, मग ऐकताना ओळखायचं कसं, फक्त संदर्भावरून?

खरी डोकेदुखी 'उस्तेद'ची, म्हणजे आपल्या 'तुम्ही/आपण'वाल्या मानाची. तिथे 'मी'च्या रूपातला शेवटचा ओ काढून आ लावला (मूळ क्रियापद -आर वालं असेल तर ए) की जमतं, दिगो-दिगा, पोंगो-पोंगा, तेंगो-तेंगा, इथवर मजा येते. पण बोय (मी जाते) वरून बाया आणि सोय (मी आहे) वरून सेआ कुठून उगवलं? यांना काही युक्ती आहे की गपचूप घोकायचं?

आणि सर्वनामं शेवटी चिकटतात ना, दि + मे + लो = दीमेलो (मला ते सांग), तर 'दिमे'वर अ‍ॅक्सेंटची खूण नाही आणि 'दीमेलो'वर आहे, असं का? आघात तर दोन्हीकडे 'दि'वरच आहे ना?

नुसता तक्ता नको प्लीज, तो आहे माझ्याकडे. तुमच्या तोंडात ही रूपं कशी बसली ते सांगा.