महाभियोग, हकालपट्टी, बडतर्फी: नेमकं काय झालं म्हणायचं?

शब्दखुळी
१४ डिसेंबर २०२४ ला दक्षिण कोरियाच्या संसदेने राष्ट्राध्यक्ष यून सुक-योल यांच्याविरुद्धचा ठराव २०४ विरुद्ध ८५ मतांनी मंजूर केला. त्या दिवशी मराठीत मी तीन तऱ्हेचे मथळे वाचले होते: 'महाभियोग मंजूर', 'राष्ट्राध्यक्षांची हकालपट्टी' आणि 'यून पदच्युत'. पुढे ४ एप्रिल २०२५ ला तिथल्या संविधान न्यायालयाने त्यांना काढलं, तेव्हा परत 'हकालपट्टी'. एकाच माणसाला दोनदा कसं हाकलतात?

दुसरी शंका. या सगळ्या काळात तिथले लोक कडाक्याच्या थंडीत रस्त्यावर बसले होते आणि आपल्या बातम्यांत होतं, 'जनतेत नाराजी'. लग्नाची पत्रिका वेळेवर पोचली नाही की येते ती नाराजी. इथे कोणता शब्द चालेल?

काळा कोट
पहिल्या शंकेपुरतं लिहितो. अभियोग म्हणजे आरोप ठेवणं, खटला भरणं. आपल्या कोर्टांत 'सरकारी अभियोक्ता' असतो, त्याच घरातला शब्द. त्याला 'महा' लागला कारण आरोपी मोठा आणि आरोप ठेवणारी संस्थाही मोठी. शिक्षा या शब्दात कुठेच नाही. त्यामुळे 'महाभियोग मंजूर' बरोबर, 'महाभियोगाने हकालपट्टी' निकाल लागेपर्यंत चूक.

(यून स्वतः आयुष्यभर अभियोक्ता. २०१६-१७ मध्ये तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष पार्क ग्युन-हे यांच्या प्रकरणाचा तपास करणाऱ्या विशेष पथकात ते होते आणि पुढे देशाचे मुख्य अभियोक्ता झाले. कोटी करायचा मोह आवरतो.)

गोंधळ आपल्या घरातूनच सुरू होतो. भारताच्या संविधानात महाभियोग फक्त राष्ट्रपतींसाठी, अनुच्छेद ६१. एका सभागृहाने आरोप ठेवायचा, दुसऱ्याने चौकशी करायची आणि दोन्हीकडे एकूण सदस्यसंख्येच्या दोनतृतीयांश मतं लागतात. दुसऱ्या सभागृहाचा ठराव झाला की त्याच तारखेपासून राष्ट्रपती पदावरून दूर. म्हणजे आपल्याकडे शेवटची पायरी आणि पद जाणं एकच, म्हणून आपल्या कानाला महाभियोग म्हणजेच गच्छंती वाटतं. हे कलम आजवर वापरलं गेलेलं नाही हा भाग वेगळा. न्यायाधीशांसाठी संविधान 'पदावरून दूर करणे' म्हणतं, तरी १९९३ मध्ये रामस्वामी आणि २०११ मध्ये सौमित्र सेन, दोन्ही वेळेला सगळ्यांनी महाभियोगच लिहिलं.

न्यूजर्सीकर
आमच्याकडे सरळ 'इंपीच केलं' म्हणतात, मराठी घरांतसुद्धा. डिसेंबर २०१९ मध्ये ट्रंप इंपीच झाले तेव्हा आईचा फोन, "मग आता तिथे कोण बसणार?" कोणी नाही, तेच बसणार! जानेवारी २०२१ मध्ये दुसऱ्यांदा झाले, तेव्हा तिने विचारलंही नाही. क्लिंटन १९९८ मध्ये झाले आणि सुटले. निक्सन यांच्यावर तर महाभियोग कधी झालाच नाही, त्याआधीच राजीनामा दिला. पण दहातले नऊ जण पैज लावतील की झाला होता.

हान नदीकाठचा
सोलजवळ राहतो म्हणून थोडं सविस्तर.

३ डिसेंबर २०२४ च्या रात्री साडेदहाच्या सुमाराला यून टीव्हीवर आले आणि मार्शल लॉ जाहीर केला. १९८० नंतर पहिल्यांदा. संसदेभोवती पोलीस, आत सैनिक. सभापती वू वॉन-शिक कुंपणावरून उडी मारून आत गेले. रात्री एकच्या सुमाराला १९० विरुद्ध ० मतांनी संसदेने मार्शल लॉ उठवायला सांगितलं आणि पहाटे तो उठला. सकाळी लोक कामावर गेले, पण ऑफिसात कोणाचंच चित्त ठिकाणावर नव्हतं.

७ डिसेंबरला पहिला ठराव आला. ३०० पैकी २०० मतं हवी होती. यून यांच्या पक्षाचे तिघं सोडून बाकी सगळे सभागृहातून उठून गेले. १९५ मतं पडली, म्हणून ती मोजलीही नाहीत. बाहेर येओइदोच्या, म्हणजे संसदेच्या भागातल्या, रस्त्यांवर माणसं उभी. इथे धक्का असा की ठराव पडला नाही, तो पाडायलाही कोणी आत थांबलं नाही. पुढच्या शनिवारी २०४.

आता शब्द. कोरियन बातम्यांत तीन वेगळे शब्द येतात आणि शाळकरी पोरंही ते अचूक वापरतात. 'थानहेक' म्हणजे महाभियोग. संसदेने तो केला की अधिकार तात्काळ गोठतात, पंतप्रधान काम बघतात, पण माणूस पदावर असतो. मग संविधान न्यायालयात सुनावणी होते आणि तिथे शेवटचा शब्द येतो 'फाम्यन'. सरकारी नोकराला शिस्तभंगासाठी कायमचं काढतात त्यालाही हाच शब्द आहे. तिसरा 'हाया', स्वतःहून पायउतार होणं. मूळ चिनी अक्षरांचा अर्थ 'खाली रानात जाणं'. २०१६ च्या मेणबत्ती मोर्चांत पार्क बाईंना 'हाया' करा म्हणून ओरडत होते, तेव्हा कायद्याचं घोडं अजून पुढे सरकलं नव्हतं.

यून यांच्या वेळी फलक बदलत गेलेले डोळ्यांनी पाहिले. डिसेंबरात 'थानहेक', मार्चमध्ये फक्त 'फाम्यन'.

मधले १११ दिवस तुमच्या दुसऱ्या शंकेचे. नऊ न्यायाधीशांच्या न्यायालयात तीन जागा रिकाम्या, आणि काढायला किमान सहा मतं हवीत. म्हणजे उरलेल्या सहापैकी एकजण फुटला तरी संपलं. पंतप्रधान आणि आता हंगामी राष्ट्राध्यक्ष हान डक-सू नेमणुका अडवतात म्हणून संसदेने २७ डिसेंबरला त्यांच्यावरही महाभियोग आणला! मग अर्थमंत्री चोए हंगामींचे हंगामी, त्यांनी दोन न्यायाधीश नेमले. ३ जानेवारीला यून यांना पकडायला गेलेले अधिकारी त्यांच्याच सुरक्षारक्षकांनी परत पाठवले. त्या दिवसांत हान्नाम-दोंगला, यून यांच्या निवासस्थानाच्या भागात, बर्फात लोक रात्रभर चंदेरी पन्नीच्या चादरी पांघरून बसत. १५ जानेवारीला अटक झाली, ८ मार्चला यून कोठडीबाहेर. महाभियोगाची शेवटची सुनावणी २५ फेब्रुवारीला संपली होती. याआधी महाभियोग झालेल्या दोन्ही राष्ट्राध्यक्षांच्या वेळी तिथून साधारण दोन आठवड्यांत निकाल लागला होता. या वेळी ३८ दिवस. प्रत्येक आठवड्याला 'या शुक्रवारी नक्की', आणि शुक्रवार कोरडा.

या अवस्थेला इथे 'दापदापहादा' म्हणतात. छातीवर कोंडल्यासारखं होणं, हवा न मिळणं. राग त्यात असतोच, पण तो काढायला जागा नसते.

अडगुलं
त्या मोर्चांत म्हणे गाण्यांच्या कार्यक्रमातल्या चमकत्या कांड्या घेऊन पोरी आल्या होत्या आणि घरी बसलेले लोक जवळच्या कॅफेत आंदोलकांच्या कॉफीचे पैसे आधीच भरून ठेवत होते. खरं का?

हान नदीकाठचा
खरं. दोन्ही. पण चित्र एकतर्फी करू नका. सोलच्या मध्यावर, ग्वांगह्वामूनला, यून यांच्या समर्थकांचेही प्रचंड मेळावे होत, हातात कोरियाचे आणि अमेरिकेचे झेंडे. त्यांचा फलक 'महाभियोग रद्दबातल'. १९ जानेवारीला त्यातल्या काहींनी कोर्टाची इमारत फोडली. कोंडमारा त्यांचाही होता.

वाटसरू
मग मराठी शब्द असे लावून बघू. 'असंतोष' वजनदार आहे. चिरोल नावाच्या इंग्रज पत्रकाराने टिळकांना असंतोषाचे जनक म्हटलं ते शिवीसारखं, आपण ते बिरूद करून टाकलं. पण असंतोष दीर्घ पल्ल्याचा, एका राजवटीविरुद्धचा. ३ डिसेंबरच्या रात्री होता तो क्षोभ. यून यांच्या पक्षात चालली होती ती धुसफूस. हा शब्द आपल्या पत्रकारांनी पक्षांतर्गत भानगडींना जणू राखूनच ठेवलाय. आणि मार्चमध्ये निकालाची वाट बघणाऱ्यांची होती ती चडफड. चडफडणाऱ्याला राग असतो, बाजू बरोबर असल्याची खात्री असते, आणि हातात काहीच नसतं. 'वैफल्य' नको, त्यात माणूस हरून बसलेला असतो. ही माणसं दर शनिवारी परत येत होती.

शब्दखुळी
चडफड एकदम पटला. पण लाखभर लोकांची चडफड म्हणता येईल? मला ती एकट्या माणसाची वाटते, स्वयंपाकघरात भांडी आपटत केलेली.

वाटसरू
लाखभर स्वयंपाकघरं समजा. नाहीतर 'खदखद' घ्या, ती समूहाची असते. पण खदखद झाकणाखाली असते आणि इथे झाकण केव्हाच उडालं होतं.

काळा कोट
हान नदीकाठच्यांनी 'फाम्यन'चा जो अर्थ दिला त्याला मराठीत तयार शब्द आहे, बडतर्फ. आपल्याकडे तलाठ्यापासून फौजदारापर्यंत सगळ्यांना कळतं: आधी निलंबन, मग चौकशी, मग बडतर्फी किंवा पुन्हा रुजू. १४ डिसेंबरला यून निलंबित झाले, ४ एप्रिलला बडतर्फ. मथळ्यात दोन अक्षरं जास्त लागतील, पण वाचकाला कळेल की मध्ये काहीतरी बाकी आहे.

सातारकर
असहमत. निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षाला कारकुनाचा शब्द? 'पदच्युत'च हवा.

काळा कोट
सातारकरांनीच हे म्हणावं? १८३९ मध्ये इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना पदच्युत केलं आणि काशीला धाडलं. १८७५ ला बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केलं. या शब्दाला गादीचा वास आहे आणि वरच्या कोणा सत्तेने राजाला उतरवल्याचा. कोरियाच्या आठ न्यायाधीशांनी एकमताने जे केलं त्यात गादी नव्हती, नोकरी होती. कारकुनाचा शब्द वाटतो तोच त्याचा गुण. निकाल वाचताना शेवटी एकच ओळ होती: 'राष्ट्राध्यक्ष यून सुक-योल यांना बडतर्फ करण्यात येत आहे.' वेळ ११ वाजून २२ मिनिटं. त्या मिनिटापासून ते राष्ट्राध्यक्ष नव्हते, आणि माजी राष्ट्राध्यक्षाचं निवृत्तिवेतनही गेलं. पदच्युत राजांना निदान तनखा मिळायचा.

सातारकर
तनख्याचा मुद्दा मान्य. बाकी विचार करतो.

अडगुलं
एक बारकी शंका. कोरियाच्या यून यांना राष्ट्रपती का नाही म्हणत आपण? हिंदीत तर ट्रंपही राष्ट्रपतीच.

शब्दखुळी
मराठीत राष्ट्रपती भवनातले ते राष्ट्रपती आणि प्रत्यक्ष कारभार हाकणारे ते राष्ट्राध्यक्ष, असा सोयीचा भेद रुळलाय. हिंदीवरून घाईत उतरवलेल्या बातम्यांत तो हल्ली पुसला जातो. जपायला हवा.

हान नदीकाठचा
निलंबनाची उपमा आणखी एका ठिकाणी चपखल बसते. २००४ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रो मू-ह्युन यांच्यावर १९३ विरुद्ध २ मतांनी महाभियोग झाला. तेव्हा लोक चिडले ते राष्ट्राध्यक्षांवर नव्हे, संसदेवर. महिन्याभरात निवडणूक होती, त्यात रो यांच्या बाजूच्या पक्षाला २९९ पैकी १५२ जागा मिळाल्या. १४ मे ला न्यायालयाने महाभियोग फेटाळला आणि ६३ दिवसांनी रो कामावर परत. तेव्हा 'महाभियोग मंजूर' हा मथळा वाचून ज्यांनी 'गेले' म्हटलं असेल, त्यांची चांगलीच फजिती झाली असणार.

न्यूजर्सीकर
आणि ते हंगामी हान डक-सू? त्यांचं काय झालं शेवटी?

हान नदीकाठचा
२४ मार्च २०२५ ला न्यायालयाने त्यांच्यावरचा महाभियोग फेटाळला. त्याच दिवशी पुन्हा रुजू.