मदत हवी आहे : बीएसए बी३१ साठी सायकल आट्यांचे स्टेनलेस नट-बोल्ट

१९५० च्या दशकातील बीएसए बी३१ ही ३५० सीसीची मोटरसायकल मी पूर्ण उघडली आहे आणि जोडणी सुरू करण्याआधी नट-बोल्टचा प्रश्न सोडवायचा आहे. मूळ बोल्टवरचा कॅडमियमचा मुलामा बहुतेक ठिकाणी उडालेला असून चुकीचे पाने लावून लावून अनेकांची डोकी गोल झाली आहेत. मडगार्ड, चेनगार्ड, टूलबॉक्स आणि दिव्याचे ब्रॅकेट अशा, नजरेत येणाऱ्या पण फारसा भार न घेणाऱ्या जागी स्टेनलेस वापरावे असा विचार आहे. ॲक्सल, ब्रेक अँकर, फोर्कचे क्लॅम्प आणि इंजिन माउंटिंग मात्र मी आधीच वगळले आहेत. ए२-७० दर्जाच्या स्टेनलेस बोल्टची यील्ड स्ट्रेंग्थ (ज्या ताणाला बोल्ट कायमचा लांबू लागतो) सुमारे ४५० मेगापास्कल, तर ८.८ दर्जाच्या साध्या पोलादी बोल्टची ६४०, त्यामुळे तिथे चकाकीसाठी ताकदीशी तडजोड करणे मला पटत नाही.

खरी अडचण आट्यांची आहे. या गाडीत सायकल आटे (बीएससी), बीएसएफ (ब्रिटिश बारीक आटे) आणि बीएसडब्ल्यू (ब्रिटिश जाड आटे) असे तिन्ही प्रकार आढळतात. दोन सुती, म्हणजे पाव इंची बोल्टला बीएससी आणि बीएसएफ या दोन्हींत इंचाला २६ आटे असतात, परंतु पहिल्यात आट्यांचा कोन ६० अंश आणि दुसऱ्यात ५५ अंश असतो. पिच गेज (आट्यांमधले अंतर तपासायची पट्टी) घाईने लावले तर फरक लक्षात येत नाही. नटही हाताने फिरत आत जातो, पण आट्यांच्या बाजू एकमेकींना पूर्ण टेकत नाहीत आणि भार अरुंद कडेवरच येतो. अडीच सुतीत निदान घोटाळा कमी, कारण तिथे बीएससी २६, बीएसएफ २२ आणि यूएनएफ (अमेरिकी बारीक आटे) २४ अशी आकड्यांतच तफावत आहे. सहज मिळणारा स्टेनलेस माल मेट्रिक किंवा यूएनएफ-यूएनसी आट्यांचा असतो, आणि छिद्रांत नवा टॅप मारून गाडी मेट्रिक करून टाकणे हा उपाय माझ्या मते पुनर्बांधणी म्हणवून घेण्याच्या लायकीचा नाही.

त्यामुळे दोनच वाटा उरतात. पहिली, जुन्या ब्रिटिश गाड्यांसाठी विकले जाणारे तयार संच. हे संच ज्यांनी वापरले आहेत त्यांनी कृपया सांगावे, की त्यांतील बोल्टची लांबी, बिनआट्याच्या भागाची लांबी आणि डोक्याचे माप मूळ बोल्टशी जुळते का, की पुष्कळसे बोल्ट पूर्ण लांबीभर आटे पाडलेलेच निघतात? विक्रेत्याकडून ए२ की ए४ (स्टेनलेसचा प्रकार), आणि ५० की ७० (ताकदीचा दर्जा), हे लेखी मिळते का? लोहचुंबकाच्या परीक्षेवर माझा भरवसा नाही, कारण थंड अवस्थेत घडवलेले ३०४ (ए२ वर्गातले नेहमीचे स्टेनलेस) सुद्धा थोडेफार चिकटते.

दुसरी वाट लेथवर करून घेण्याची. कारागीर ३०३ या स्टेनलेसचा गज सुचवतो, कारण त्यात गंधक असल्याने तो सहज कापला जातो. पण त्याच गंधकामुळे त्याची गंजरोधकता ३०४ पेक्षा कमी असते. शिवाय मऊ गजातून कापलेला बोल्ट ५० च्या दर्जाचा धरावा लागतो, ज्याची यील्ड जेमतेम २१० आहे. मडगार्डच्या स्टेला (आधारदांडीला) एवढी ताकद पुरते का, की एकसिलिंडरी इंजिनाच्या कंपनांनी बोल्ट ताणला जाऊन सैल पडतो? प्रत्यक्ष चालवलेल्या गाडीवरचा अनुभव असल्यास तो मला पुस्तकी उत्तरापेक्षा अधिक मोलाचा वाटेल.

आणखी एक शंका जोडणीविषयी. स्टेनलेस नट स्टेनलेस बोल्टवर कोरडा आवळला तर आटे घासून एकमेकांत रुततात आणि मग बोल्ट कापण्यावाचून गत्यंतर राहत नाही, हे ठाऊक आहे. निकेलयुक्त अँटी-सीझ (आटे रुतू नयेत म्हणून लावायची पेस्ट) लावल्यावर टॉर्क किती कमी ठेवता? क्रँककेसच्या ॲल्युमिनियममध्ये जाणाऱ्या स्क्रूंना तीच पेस्ट चालते का? तिथे ओलावा साचला की झिजते ते ॲल्युमिनियम, आणि नवा स्क्रू मिळेल पण क्रँककेस मिळणार नाही. तिथे मुलामा दिलेले साधे पोलादी स्क्रूच ठेवावेत असे कोणाचे मत असेल, तर तेही कारणासह सांगावे.