ताठ रोम आणि काटे असलेल्या पृष्ठभागांसाठी नेमके मराठी शब्द हवे आहेत

नमस्कार. वनस्पतींची वर्णने मराठीत लिहिताना ‘काटेरी’ आणि ‘केसाळ’ या दोनच शब्दांवर माझी सारखी भिस्त पडते आहे, आणि त्यामुळे निरीक्षणात स्पष्ट दिसणारा फरक लिखाणात पुसला जातो. परिभाषेची सवय असलेल्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

काट्यांपुरती वाट मला थोडीफार सापडली आहे. गुलाबाचा काटा अंगठ्याने बाजूला दाबला की अख्खा निखळतो आणि मागे एक लहानसा व्रण तेवढा उरतो, कारण तो खोडाच्या बाहेरच्या थरांतून उगवलेला असतो आणि त्यात वाहक ऊती, म्हणजे पाणी व अन्न वाहून नेणारे पेशीसमूह, नसतात. बोगनवेलीचा काटा म्हणजे पानाच्या बेचक्यातील रूपांतरित फांदी, तर निवडुंगाचा काटा म्हणजे रूपांतरित पान. या तिघांना अनुक्रमे त्वक्कंटक, शाखाकंटक आणि पर्णकंटक म्हणावे, असे मी योजले आहे. याहून रुळलेले शब्द असतील तर मी तेच स्वीकारेन.

खरी अडचण रोमांची आहे. सूर्यफुलाच्या खोडावर भिंगातून पाहिले तर ताठ, राठ, बाहेर रोखलेले रोम दिसतात. अशा पृष्ठभागाला ‘हिस्पिड’ म्हणतात. तसेच राठ रोम पृष्ठभागाला चिकटून एकाच दिशेला निजलेले असले, की बोट एका बाजूने सहज सरकते आणि उलट फिरवले की अडखळते. त्याला ‘स्ट्रायगोज’ म्हणतात. पहिल्यासाठी ‘राठरोमी’ हा शब्द मला पटतो, पण दुसऱ्यात राठपणा आणि निजलेपणा दोन्ही एकाच शब्दात आणायचे आहेत, आणि ‘शयितरोमी’ म्हटले तर राठपणाच निसटतो. गांडुळाच्या अंगावरील ताठ केसांना प्राणिशास्त्रात ‘दृढरोम’ म्हणतात. तो शब्द वनस्पतींसाठी घेतल्यास घोटाळा होईल का? ‘स्केब्रस’साठी मात्र आपला ‘खरखरीत’ पुरेसा आहे, तिथे नवा शब्द घडवू नये असे मला वाटते.

जास्वंदीचा परागकण सूक्ष्मदर्शकाखाली सर्व बाजूंनी काटे रोवलेल्या गोळ्यासारखा दिसतो. त्यासाठीचा ‘एकायनेट’ हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला, त्यावरूनच तारामासा वगैरे प्राण्यांच्या संघाला ‘एकायनोडर्माटा’ हे नाव पडले, आणि त्या प्राणिसंघाला आपण ‘कंटकचर्मी’ म्हणतोच. त्या धर्तीवर परागकणाला ‘कंटकावृत’ म्हणणे योग्य ठरेल का?

शेवटची शंका फड्या निवडुंगाच्या बारीक काट्यांविषयी आहे. हे काटे झुपक्यांनी येतात, नुसत्या स्पर्शाने सुटतात, आणि टोकाजवळच्या उलट्या दातऱ्यांमुळे कातडीत रुतून बसतात. बोलताना आपण त्यांना सहज ‘कूस’ म्हणून जातो, परंतु ‘कुसळ’ हा शब्द गवताच्या फुलोऱ्यातील ताठ टोकासाठी आधीच ठरलेला असल्याने वाचकाची गल्लत होण्याची भीती वाटते. ‘अंकुशरोम’ हा पर्याय कसा वाटतो, की याहून साधा शब्द कुणाच्या वापरात आहे?