शब्दचर्चा : पिस्तुलाच्या मॅगझीनवरचा शिक्का, छाप की ठसा?

वाटाड्या : अडलंय. जुन्या जर्मन पिस्तुलांवरची एक पुस्तिका मराठीत करतोय. लुगर पी-०८ या पिस्तुलाच्या मॅगझीनचा, म्हणजे काडतुसं भरतात त्या नळीचा, फोटो आहे. नळीवर ‘एफएक्सओ’ अशी तीन अक्षरं, त्यांच्याजवळ तांदळाएवढा पंख पसरलेला गरुड, त्याखाली ३७. बुडाशी पिस्तुलाचाच नंबर आणि + अशी खूण. मी अक्षरांना ‘उत्पादकाचा शिक्का’, गरुडाला ‘तपासनिसाचा शिक्का’ असं लिहिलं. संपादक म्हणतात, सगळाच शिक्का कसा?

सोनसळी : साधं आहे. ज्याने मारतात तो ठसा, उमटतो तो छाप.

आडवाटे : मग पोलीस बोटांचे ठसे घेतात ते काय बोटं कापून नेतात?

सोनसळी : ते लोकांनी बिघडवलेलं मराठी.

झूलकर : जर्मनीत नोकरीला असतो म्हणून लिहितो. गरुडासाठी मूळ जर्मन शब्द ‘आबनामेश्टेम्पेल’. ‘आबनामे’ म्हणजे नुसती तपासणी नाही. तपासून, पसंत करून माल ताब्यात घेणं. लष्कराच्या शस्त्रखात्याचा माणूस कारखान्यात बसायचा, त्याने पास केलं की गरुड पडायचा. ३७ हा कारखान्याचा नंबर नव्हे. झूल गावच्या हेनेल कारखान्याच्या मॅगझीनवर तो आहे, आणि त्याच गावच्या झावरच्या ३८-एच पिस्तुलावरही आहे. कारखाना सांगतात ती अक्षरं. एफएक्सओ म्हणजे हेनेल, त्याआधी हेनेल १२२ हा आकडा मारायचं. माउझरचं बीवायएफ, वाल्थरचं एसी. शत्रूला कारखान्याचा पत्ता लागू नये म्हणून ही सांकेतिक नावं. त्यामुळे ‘उत्पादकाचा शिक्का’ही मला खटकतं. लपवायला मारलेला तो शिक्का कसला? संकेताक्षरं म्हणा.

वाटाड्या : हे मोलाचं. म्हणजे गरुडाला ‘स्वीकृतिमुद्रा’?

आडवाटे : अरे देवा. शाकुंतलातली अंगठी हरवली का?

बारदान : आमचं किराणा दुकान होतं. वजनमापांचा साहेब यायचा. लोखंडी वजन उलटं केलं की बुडाशी भोकात ओतलेलं शिसं दिसायचं, साहेबांचा माणूस त्यावर हातोडीने शिक्का मारायचा. लोखंडावर उमटत नाही, शिशावर उमटतो. वडील विचारायचे, ‘पासिंग झालं का?’ काट्याचंही पासिंग, टेम्पोचंही पासिंग. तुमच्या गरुडाला ‘पासिंगचा शिक्का’ म्हणा, कुणालाही कळेल.

झूलकर : बारदानकाका, अर्थ शंभर टक्के जुळला.

सोनसळी : पासिंग! सावरकरांनी मेयरचा महापौर केला तो काय यासाठी?

आडवाटे : आणि तुम्ही हॉलमार्क बघूनच बांगड्या घेता ना?

वाटाड्या : याच पुस्तिकेच्या आधीच्या भाषांतरात ‘प्रूफ मार्क’ला ‘पुराव्याची खूण’ केलंय. तिथे प्रूफ म्हणजे जास्त दाबाचं काडतूस उडवून पिस्तुलाची नळी टिकते का ते पाहणं. ‘बारचाचणी’ कसं वाटतं?

बारदान : आमच्या तालुक्यात बारची चाचणी रोज रात्री असते.

सोनसळी : काडतूस हा मात्र अस्सल मराठी शब्द. काडी अधिक तूस. आत काडी, बाहेर टरफल.

झूलकर : ताई, तो पोर्तुगीज ‘कार्तुशु’. पिस्तूलही तिकडूनच आलं. उलट मॅगझीनच आपलं जुनं सोयरं : अरबी ‘मखजन’, म्हणजे कोठार. खजिना हा शब्दही त्याच मुळातला.

आडवाटे : मग ‘काडतूस-खजिना’ करा. मुंबईतला दारूखाना बंदुकीच्या दारूचा, हे आता पत्ता विचारणाऱ्याला समजावून सांगावं लागतं, तसं यालाही लागेल.

वाटाड्या : मॅगझीन मॅगझीनच राहील. बातम्यांतही तसंच असतं. आता + चं सांगा.

झूलकर : पिस्तुलासोबत दोन मॅगझीन मिळायची, दोन्हींवर पिस्तुलाचाच नंबर. राखीव असलेल्यावर +.

बारदान : म्हणजे मराठीत वाचलं तरी बरोबर. अधिकचं ते अधिक! अधिक महिन्यासारखं.

वाटाड्या : वा काका! हे तसंच्या तसं घेतो. मग गरुडाला ‘पासिंगचा शिक्का’च ठेवू ना?

सोनसळी : माझा विरोध नोंदवून ठेवा. आमच्या आजीच्या पितळी डब्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव आहे. तिने त्याला ना ठसा म्हटलं ना शिक्का. ‘नाव घातलंय’ म्हणायची.

बारदान : घातलंय? आमच्याकडे भांड्यावर नाव टाकतात.

सोनसळी : टाकतात ते मतदारयादीत. भांड्यावर घालतात.

आडवाटे : आमच्याकडे कोरतात. आणि तारीखही घालतात, म्हणजे टाकतात. लग्नाची.

वाटाड्या : मंडळी, उद्या मजकूर द्यायचाय.

बारदान : द्या की. पण ताई, तुमच्या आजीचं माहेर कुठलं?